लाकडावरची खपली

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आगाशीचे नाव अरबी समुद्रावर वावरणाऱ्यांना चांगलेच ठाऊक होते. विरारच्या पश्चिमेचे हे गाव आज केळीच्या वाड्यांसाठी आणि सुकेळ्यांसाठी ओळखले जाते. तेव्हा तिथे इमारती लाकडाची पेठ होती आणि जहाजे बांधली जात. पोर्तुगीजांनी आगाशी १५३० साली लुटली आणि १५३१ साली पुन्हा लुटली. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच तहात त्यांच्या हवाली केली, आणि पुढची दोनशे वर्षे इथली बंदरे आणि इथे उतरणारे लाकूड पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिले.

लाकडाशी या भागाचे नाते त्याहूनही जुने आहे. आजचे नालासोपारा म्हणजे पूर्वीचे शूर्पारक. ‘दिव्यावदाना’त इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. गोशीर्ष चंदनाच्या व्यवहारात तो गबर झाला आणि पुढे बुद्धासाठी त्याने चंदनाचा प्रासाद उभारला. कथा ती कथाच, पण शूर्पारकात लाकडावर पैसा होतो हे ती रचणाऱ्याला पक्के माहीत होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा विटा निघाल्या, दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले तांब्या-चांदीचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडक निघाले. चंदनाची ढलपी निघणे शक्यच नव्हते. दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर उघड्यावरचे लाकूड फार दिवस लाकूड राहत नाही.

ते खाणाऱ्यांत वाळवीचे नाव सगळे घेतात. दुसरा भागीदार मात्र दिसूनही दिसत नाही. पावसाळ्यात वसईजवळच्या तुंगारेश्वरच्या रानात आडवा पडलेला ओंडका उलटला, की त्याच्या जमिनीकडच्या अंगाला पांढरट, करडा, बदामी, कधी नारिंगी थर चिकटलेला असतो. त्याला देठ नसतो, छत्री नसते, जाडी जेमतेम कागदाएवढी. जखमेवर धरते तशी खपलीच ती. बुरशीच्या जगात हे एक मोठे प्रकरण आहे. छत्रीवाली अळंबी आपले बीजाणू छत्रीखालच्या पडद्यांवर पिकवते. या खपली-बुरश्यांनी छत्री आणि देठाचा खर्चच वाचवला आहे. त्या लाकडावर सपाट पसरतात आणि उघड्या अंगावरच बीजाणू पिकवतात. ओंडक्याची खालची बाजू ओलसर असते, पाऊस थेट लागत नाही, सुटलेला बीजाणू आपोआप खाली पडतो.

डोळ्यांना दिसते ती खपली म्हणजे या जिवाचा लहानसा भाग. बाकीचा जीव लाकडाच्या आत, तंतूंच्या रूपात काम करत असतो. काही बुरश्या लाकडातले लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही पचवतात. मग लाकूड फिके, मऊ, तंतुमय होत जाते. काही फक्त सेल्युलोज खातात आणि लिग्निनचा तपकिरी सांगाडा मागे ठेवतात. असे लाकूड आडवे-उभे तडकते, चौकोनी तुकड्यांत फुटते आणि बोटांत चुरगळले की भुकटी होते. खपल्यांमध्ये पहिल्या जातीचे प्रमाण मोठे आहे. दोघींनाही एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे ओल. लाकडातला ओलावा वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीचे काही चालत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागवानी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्या डोंगराच्या पोटात, कोरड्या सावलीत आहेत. सोपारा आणि कार्ले या दोन जागा एकाच सागाच्या मुलखातल्या, फरक पाण्याचा.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि लाकडाच्या व्यवहाराचे सूत्र मराठ्यांकडे आले. पेशव्यांच्या आरमाराचा एक तळ वसईत होता, त्यामुळे लाकूड घरचे आणि गिऱ्हाईकही घरचे अशी सोय झाली. पण मोठे गिऱ्हाईक खाडीपलीकडे बसले होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचा पसारा वाढत होता. नकाशाकार जेम्स रेनेल यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानच्या नकाशावर जे विवेचन लिहिले, त्यात मुंबईच्या गोदीला लागणारे सागवान कुठून येते हेही नोंदवले आहे: वसईच्या उत्तरेला आणि ईशान्येला, घाटाच्या पश्चिम उतारावर आणि लगतच्या डोंगररांगांत सागाची राने आहेत, आणि तिथून उतरणाऱ्या ओढ्या-नद्यांतून लाकूड वाहून आणता येते. म्हणजे वैतरणा, तानसा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांचा मुलूख. पेशव्यांच्या रानातला साग इंग्रजांच्या गोदीत जहाज होत होता, आणि पैसे मोजले की दोघांनाही त्यात वावगे वाटत नव्हते.

या व्यवहारातल्या माणसाला खपली ओळखायची गरज नव्हती. त्याला लाकूड ओळखायचे होते. सुतार ओंडक्यावर ठोका मारून आवाज ऐकतो; बद्द आवाज आला तर तो पुढच्या ओंडक्याकडे वळतो. टोच्या खुपसून पाहतो, वास घेतो, कापलेल्या तोंडावरचा रंग पाहतो. सागाचा गाभा आणि बाहेरचे फिके लाकूड यांतला फरक त्याच्या दृष्टीने सोन्या-पितळेइतका मोठा असतो, आणि विज्ञान त्याला दुजोरा देते. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, ती बुरशीला आणि वाळवीला रोखतात. बाहेरच्या फिक्या लाकडात ती जवळपास नसतात, म्हणून अस्सल सागाचेही ते लाकूड एका-दोन पावसाळ्यांत बुरसटते. आंब्याचे लाकूड त्याहून लवकर.

घराच्या बाबतीत भर प्रतिबंधावरच होता. दर उन्हाळ्यात कौले चाळून घर शाकारायचे, कारण एक कौल फुटले की त्याखालचा वासा ओला, आणि वाशाचे भिंतीत गेलेले टोक सगळ्यांत आधी कुजते. लाकडाला उंडीचे किंवा करंजाचे तेल पाजायचे. होड्या आषाढात किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायच्या. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत हे वेळापत्रक मासळीच्या हंगामाने आणि समुद्राच्या लहरीने ठरले, यात शंका नाही. पण त्याच काळात लाकडाला हवा मिळत होती आणि डागडुजीही होत होती. बुरशीचे नावही न घेता तिचा बंदोबस्त करणारी ही शहाणी व्यवस्था होती. खपलीकडे नीट निरखून पाहायची वेळ तिने कुणावर येऊ दिली नाही, आणि या अर्थाने ती ज्ञानाच्या आड आली.

निरखून पाहायची वेळ आली ती इंग्लंडवर. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात ओकची मोठी झाडे संपत आली होती. घाईने तोडलेले, नीट न वाळलेले लाकूड जहाजांत बसवले जात होते. १८१० साली डेप्टफर्डच्या गोदीत ‘क्वीन शार्लट’ ही प्रचंड युद्धनौका पाण्यात सोडली गेली आणि नौदलात रुजू होण्याआधीच तिचे लाकूड कुजल्याचे दिसले. १८१२ साली जेम्स सॉवरबी यांना पाहणीसाठी बोलावण्यात आले. सॉवरबी हे चित्रकार आणि निसर्ग-अभ्यासक. इंग्लंडमधल्या बुरश्यांची रंगीत चित्रे ते १७९७ पासून खंडाखंडाने छापत होते. जहाजाच्या पोटात त्यांना जी बुरशी दिसली ती बहुतांशी सपाट, चामड्यासारखी, फळ्यांना चिकटून पसरलेली. युद्धनौका बुरशीने खाल्ली असे कळल्यावर सरकार बुरशीच्या जाणकाराला बोलावते, आणि जाणकार आपली चित्रे घेऊन जहाजाच्या तळघरात उतरतो, हा प्रसंग कुणा इंग्रज विनोदी लेखकाला सुचला असता तर खोटा वाटला असता.

त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? जमशेटजी बोमनजी वाडिया ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधत होते. १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ झाली. १८४२ चा नानकिंगचा तह तिच्याच डेकवर झाला आणि ती अखेर १९५७ साली मोडली गेली. १८१५ ची ‘वेलस्ली’ तर १९४० साली टेम्स नदीत जर्मन बाँबहल्ल्यात बुडाली. सव्वाशे वर्षांत तिला कुजवणे बुरशीला जमले नाही. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर उभी आहे. या शेवटच्या काळातल्या जहाजांचे सागवान मुख्यतः मलबारचे होते, वसईच्या रानांचे नव्हे. इथल्या जंगलांतले मोठे सोट तोपर्यंत विरळ होऊ लागले असावेत. तरी गोदीची लाकूड पारखण्याची सवय तीच राहिली.

सागाला श्रेय द्यावेच, पण एक गोष्ट जोडून. युरोपातल्या इमारतींची सगळ्यांत कुप्रसिद्ध खपली म्हणजे ‘सर्पुला लॅक्रिमन्स’. लॅटिनमध्ये ‘रडणारी’, कारण वाढताना तिच्या अंगावर पाण्याचे थेंब साचतात. ती २० अंश सेल्सिअसच्या आसपास मनसोक्त वाढते आणि कोकणच्या उन्हाळ्यात तग धरू शकत नाही. तिचे रानटी अस्तित्व सापडले हिमालयात; डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले के. बागची यांनी १९५४ साली भारतातल्या तिच्या आढळाविषयी लिहिले. भारतात तिचे ठाणे थंड डोंगरांत आहे, कोकणात नाही. वसईच्या वाशांना खाणाऱ्या वेगळ्या.

आता ओळखीची गोष्ट. खपली-बुरश्यांच्या अभ्यासाचा पाया युरोपात घातला गेला आणि तो डोळ्यांवर विसंबून घातला गेला. पर्सून यांनी १७९४ साली ‘कॉर्टिसियम’ ही प्रजाती मांडली. स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून पुढे सगळ्या बुरश्यांची व्यवस्था लावली ती बीजाणू पिकवणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावरून: गुळगुळीत असेल तर एका खणात, काटेरी असेल तर दुसऱ्या, छिद्रे असतील तर तिसऱ्या. व्यवस्था सोपी होती, रानात चालणारी होती आणि मोठ्या प्रमाणावर चुकीची होती. एकच बुरशी उभ्या बुंध्यावर काटेरी आणि आडव्या ओंडक्यावर जवळपास गुळगुळीत वाढू शकते. उलट, दिसायला जुळ्या बहिणी वाटणाऱ्या दोन खपल्यांचे कूळ कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले असू शकते. फ्रान्सचे पातुयार यांनी १९०० साली सूक्ष्मदर्शकातल्या खुणांना वर्गीकरणात मान दिला आणि ही चूक दुरुस्त होऊ लागली. पुढे फ्रान्समध्येच ॲबे बूर्दो हा धर्मगुरू आणि गाल्झँ हा सैन्यातला पशुवैद्य या जोडीने १९२८ साली खपल्यांवर जो ग्रंथ काढला, तो कित्येक पिढ्यांना पुरला. स्वीडनचे जॉन एरिकसन आणि सहकाऱ्यांची उत्तर युरोपच्या खपल्यांवरची आठ भागांची मालिका १९७३ ते १९८८ या काळात निघाली. तिच्यातली पेशी-पेशींची रेखाचित्रे आजही जगभर उघडून पाहिली जातात. शेवटी डीएनए आला आणि खपली हे एक घराणेच नाही असे सिद्ध झाले. सपाट पसरण्याची युक्ती बुरश्यांना पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे साधली आहे.

मुंबई इलाख्यात ही विद्या उशिरा आणि तुटक तुटक आली. सेंट झेविअर्स कॉलेजचे स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लाटर यांनी १९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातल्या बुरश्यांची यादी छापली. बटलर आणि बिस्बी यांचे ‘द फंगाय ऑफ इंडिया’ १९३१ चे. बटलर पुसाच्या संस्थेत सरकारी बुरशीतज्ज्ञ होते आणि त्यांचा सगळा जीव पिकांच्या रोगांत होता. ज्या बुरशीने धान्य किंवा फळबाग बुडत नाही तिच्यावर पगारी वेळ कोण घालवणार? पुणे-मुंबईत एस. एल. आजरेकर यांनीही ज्वारीच्या रोगांवर काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला, म्हणजे १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतला, बुरश्यांचा संग्रह आज आजरेकरांच्या नावाने आहे.

लाकूड खाणाऱ्या बुरश्यांचे काम वनखात्याच्या अंगाने झाले, कारण तिथे नुकसान होते. बी. के. बक्षींचा झाडांवरच्या आणि इमारती लाकडावरच्या छिद्रयुक्त बुरश्यांचा ग्रंथ १९७१ मध्ये आला. निखळ खपल्यांवर एस. एस. रत्तन यांनी वायव्य हिमालयापुरते १९७७ साली लिहिले, के. नटराजन आणि के. कोलंदवेलू यांनी तामिळनाडूपुरते १९९८ साली. आपल्याकडे भिडे, पांडे, साठे, राव, पटवर्धन यांचे ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जे. जी. वैद्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मात्र लाकडावरच्या बुरश्यांचा चिकाटीने पाठपुरावा केला. त्यांच्या गटाने २०११ साली महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातल्या अशा बुरश्यांची यादी छापली. ती वाचायला कंटाळवाणी, पण या विषयात इथल्या माणसाने हाती घ्यावे असे पहिले कागदपत्र तेच.

वैद्यांच्या कामाचा एक धागा थेट लोकव्यवहारात जातो. कोकण-गोव्यात फणसाच्या जुन्या खोडावर उगवणारी कठीण, लाकडासारखी बुरशी ‘फणसआळंबे’ किंवा ‘फणसोंबा’ म्हणून वैदूंकडे आणि काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. उगाळून ती लहान मुलांच्या तोंड येण्यावर, लाळ गळण्यावर लावतात. मुंबईतले औषधी-संग्राहक विल्यम डिमॉक यांनी १८८० च्या दशकातच तिचा उल्लेख केला, पण शास्त्रीय नाव दिले ते भलतेच, शिंपल्याच्या आकाराच्या मऊ अळंबीचे. शंभर वर्षांनी वैद्यांनी १९९३ साली सहलेखकासह लिहिलेल्या टिपणात ती ‘फेलिनस’ गटातली असल्याचे सांगितले. जी बुरशी हातात धरता येते, उगाळता येते, विकता येते, तिच्या वाट्याला नाव आले. पावसाळ्यात आदिवासी बाया टोपलीत घेऊन बाजारात बसतात त्या अळंबीलाही आले. ओंडक्याखालच्या खपलीचा ना भाव, ना उपयोग, ना धोका.

त्या ओंडक्याचा मालक कोण, यावर मात्र या भागात पुष्कळ भांडणे झाली. १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यामागे आरमाराला लागणाऱ्या सागाची काळजी होती. पुढे ठाणे जिल्ह्यात, ज्यात तेव्हा वसई-पालघर सगळे येत होते, राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडण्यावर आणि सरपणावर बंधने आली. लोकांचा असंतोष एवढा वाढला की १८८५ साली सरकारने चौकशीसाठी वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. १९४५ नंतर गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारली लढ्यात जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न मोठा होता. १९४७ पासून ठेकेदाराऐवजी जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा पट्टा, देण्याची पद्धत सुरू झाली. कूप पावसाळ्याआधी उरकायचा, माल डेपोत आणि तिथून वखारीत पोचवायचा, हा नियम ठेकेदाराच्याही काळात होता. पावसात रानात राहिलेला सोट दिवाळीनंतर निम्म्या किमतीचाही राहत नाही हे सगळ्यांना माहीत होते. तेवढीच काय ती खपलीची दखल.

इमारती लाकडाची ती वर्दळ आता नाही. तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान २००३ साली अभयारण्य झाले, आणि पडलेले झाड जागेवरच कुजू द्यायचे असे पहिल्यांदाच ठरले. वसई-विरार महानगरपालिकेतली इमारतींची गर्दी त्या डोंगराच्या पायथ्याशी थांबते. लाकडाचे मोल उतरले आणि ज्याला शतकानुशतके कूज म्हणून झटकले जात होते, ते पाहायला माणसे कॅमेरे घेऊन येऊ लागली. येतात आणि गोंधळतात, कारण फोटोवरून खपली ओळखणे जवळपास अशक्य आहे.

मग रानात नेमके पाहायचे काय? आधी ती बुरशीच आहे याची खात्री. जिवंत झाडाच्या सालीवर उजेडाच्या बाजूला दिसणारे करडे-हिरवट चट्टे बहुधा दगडफुलाच्या भाऊबंदांचे, म्हणजे शैवाकांचे. नखाने खरवडले की आत हिरवा थर दिसतो, कारण बुरशीबरोबर तिथे शेवाळ राहते. (या शैवाकांवर पुण्यात पी. जी. पटवर्धनांनी मोठे काम केले, खपल्यांना तसा पाठीराखा लाभला नाही.) खपली कापली तर आत हिरवे काही नसते. मग झाड कोणते, मेलेले की जिवंत, साल शिल्लक आहे की नाही, लाकूड फिके पडले आहे की तपकिरी होऊन चौकोनी तडकले आहे, हे लिहून ठेवायचे. झाडाचे नाव नसेल तर पुढच्या अभ्यासकाची निम्मी वाट बंद होते. पण कुजलेल्या ओंडक्यावरून साग की ऐन हे सांगायला बहुतेक वेळा स्थानिक आदिवासीच लागतो, पदवीधर नव्हे.

त्यानंतर कडा. खपलीच्या मध्यापेक्षा तिची वाढती कडा जास्त बोलते: तुटक आहे की झालरीसारखी, पांढरे दोरे पुढे धावताहेत का, कडा लाकडापासून सुटून जरा वर वळली आहे का. वळली असेल आणि पाठ लवदार असेल तर ‘स्टेरिअम’सारख्या प्रजातींकडे पाहायचे, त्यांतल्या काही ओरखडल्यावर लाल पडतात. दहापट भिंगातून पृष्ठभाग पाहिला की सपाट वाटलेली खपली कधी बारीक दाण्यांची, कधी सुरकुत्यांची, कधी तळाशी छिद्रांची निघते. तपकिरी, चामड्यासारख्या खपलीवर भिंगातून टोकदार केस दिसले तर ती ‘हायमेनोकीटी’ असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की ती काळी पडते आणि काळीच राहते. रानात चालणारी इतकी भरवशाची रासायनिक कसोटी या सबंध विषयात दुसरी नाही.

रंगावर मात्र विसंबू नये. ओली असताना जांभळट दिसणारी खपली वाळल्यावर राखाडी होते, जुनी झाली की पिवळते. आणि ओंडक्यावर बसली म्हणून ती ओंडका खातेच असेही नाही. ‘टोमेंटेला’ या तपकिरी, मखमली खपल्यांचा संबंध जिवंत झाडांच्या मुळांशी असतो. मेलेला ओंडका त्या फक्त बसायला वापरतात. वाटसरू पारावर टेकतो आणि पार त्याचा ठरतो, असे समजण्यापैकी ही चूक.

पुढचे काम घरचे. चाकूने लाकडासकट एक तुकडा काढायचा, कागदी पाकिटात वाळवायचा, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजायची, आयोडीनच्या द्रावणात ते निळे-काळे होतात का ते पाहायचे, तंतूंच्या सांध्यावर कडीसारखा जोड आहे का, बीजाणू धरणाऱ्या पेशींच्या गर्दीत मोठ्या, भिंती जाड झालेल्या वांझ पेशी उठून दिसतात का, हे शोधायचे. एका नमुन्याला अख्खी संध्याकाळ सहज जाते आणि शेवटी प्रजातीपर्यंत पोचून जात अडते. अभयारण्यातून तुकडा उचलायचा असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, त्यामुळे हौशी माणसासाठी वाडीतला शेवग्याचा किंवा आंब्याचा पडलेला फाटा जास्त सोयीचा.

वाडीत एक खपली मात्र अशी आहे, जिला ओळखणे शेतकऱ्याला भागच पडते. आंबा आणि फणसाच्या फांद्यांवर पावसाळ्यात येणारा गुलाबी रोग ही खपलीच. बर्कली आणि ब्रूम यांनी १८७० च्या दशकात श्रीलंकेतून आलेल्या नमुन्यांवरून तिला ‘कॉर्टिसियम साल्मोनिकलर’ असे नाव दिले. आता ती ‘एरिथ्रिसियम’ प्रजातीत गेली आहे. जुलैच्या झडीत आधी फांदीवर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू पसरतात, ते सहज नजरेतून निसटतात. मग सालीच्या भेगांतून पांढुरके फोड वर येतात. मग फांदीच्या सावलीतल्या अंगाला ती फिकट गुलाबी खपली धरते, फांदीवरची पाने पिवळी पडतात आणि टोकाकडून फांदी वाळत जाते. याच बुरशीचे चौथे रूप नारिंगी-लाल ठिपक्यांचे, आणि ते फांदीच्या उजेडाकडच्या बाजूला येते. जॉर्ज मॅसी यांनी १८९८ साली त्याला स्वतंत्र बुरशी समजून ‘नेकेटर’ असे वेगळे नाव देऊन टाकले होते. दोन्ही एकाच बुरशीची अंगे आहेत हे नंतर उलगडले. म्हणून बागेत फिरताना फांदीच्या खालून गुलाबी आणि वरून नारिंगी, दोन्ही तपासतात. सापडली की रोगट फांदी निरोगी भागापर्यंत मागे घेऊन छाटतात, छाटलेली जाळतात, जाड फांदीवरची खपली खरवडून जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात आणि पावसाची पुढची सर येण्याआधी ती वाळायला मिळावी म्हणून हे काम उघडीप पाहून करतात.